नरक्याचे झाड आणि परळचा रुग्ण

वन्यजीवांचे रक्षण आणि कर्करोगाचे संशोधन हे दोन विषय एका व्यासपीठावर क्वचितच एकत्र येतात. पहिला विषय गळ्यात दुर्बीण अडकवून अभयारण्यात जाणाऱ्या सुखवस्तू मंडळींचा मानला जातो. दुसरा डॉक्टर आणि प्रयोगशाळा यांच्यावर सोपवून समाज मोकळा होतो. श्रमिकांच्या चळवळीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मनात तर पहिल्या विषयासंबंधी एक अढीच असते, आणि ती अकारण नाही. अभयारण्य म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे उठविलेली गावे येतात, बंद झालेली चराई येते, मोळीविक्या बाईच्या हातातील जप्त केलेला कोयता येतो. ज्या देशात २०२२ या एका वर्षात, अंदाजानुसार, सुमारे १४ लाख माणसांना नव्याने कर्करोग झाला आणि ९ लाखांहून अधिक माणसे त्याने दगावली, त्या देशात वाघ-हत्तींवर पैसा खर्च करणे ही चैन नव्हे काय, असा प्रश्न मग विचारला जातो. प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणूनच त्याला भावनेने नव्हे, तर वस्तुस्थितीने उत्तर दिले पाहिजे.

वस्तुस्थिती अशी आहे की कर्करोगावरील आजच्या उपचारांत जी औषधे रोज वापरली जातात त्यांतील कित्येकांचा जन्म रानात झाला आहे. ज्या रानावर खर्च करणे चैन वाटते, त्या रानातून रुग्णाच्या सलाईनच्या बाटलीपर्यंत एक वाट गेलेली आहे. ही वाट कोणी घडविली, तिच्यावर कोणाचा घाम गळला, आणि तिच्या टोकाशी नफ्याची पेटी कोणाच्या ताब्यात आहे, हे पाहिले म्हणजे वन्यजीवांचा प्रश्न आणि रुग्णांचा प्रश्न हे वेगळे राहत नाहीत. दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न उरतो: जे सर्वांचे आहे त्यावर सत्ता कोणाची?

अंगणातली सदाफुली

या कथेचा आरंभ अगदी घरगुती आहे. सदाफुली हे महाराष्ट्रातील अंगणात, तुळशीवृंदावनाच्या शेजारी, कोणी निगा राखो वा न राखो, बारमाही फुलणारे झुडूप. मूळचे ते येथले नव्हे, मादागास्कर बेटावरचे. जगाच्या अनेक भागांत त्याच्या पाल्याचा काढा मधुमेहावर घेतला जाई. कॅनडातील रॉबर्ट नोबल यांच्याकडे १९५२ मध्ये जमैकाहून ही पाने आली ती त्याच गुणाची परीक्षा घेण्यासाठी. रक्तातील साखरेवर काही परिणाम दिसेना. परंतु अर्क टोचलेल्या उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. ज्या द्रव्याने पांढऱ्या पेशी घटतात ते द्रव्य पांढऱ्या पेशींच्याच कर्करोगावर, म्हणजे ल्युकेमियावर, उपयोगी पडेल काय, हा विचार पुढे आला. चार्ल्स बीअर यांच्या सहकार्याने नोबल यांनी व्हिन्ब्लास्टिन वेगळे केले. त्याच सुमारास एका अमेरिकन औषध कंपनीतील संशोधकही सदाफुलीवर काम करीत होते. त्यातून व्हिन्क्रिस्टिन हाती आले आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी ही औषधे रुग्णांपर्यंत पोचली. पेशी दुभंगताना तिच्या पोटात सूक्ष्म नलिकांची एक चौकट उभी राहते. ही चौकट उभीच राहू न देणे, हे या औषधांचे कार्य.

त्या काळात मुलांचा ल्युकेमिया म्हणजे जवळजवळ मृत्युदंडच होता. आज संपन्न देशांत अशा मुलांपैकी सुमारे ९० टक्के वाचतात. हे यश एकट्या सदाफुलीचे नव्हे. अनेक औषधे एकत्र योजण्याच्या शास्त्राचे ते आहे. परंतु त्या योजनेत व्हिन्क्रिस्टिनचे स्थान आजही अढळ आहे. मादागास्करला मात्र या साऱ्या व्यवहारातून जवळजवळ काहीच मिळाले नाही. त्या काळी वनस्पती ही अखिल मानवजातीचा वारसा मानली जाई, आणि तिच्यापासून काढलेले औषध ही कंपनीची खाजगी मालमत्ता! वारसा सर्वांचा आणि उत्पन्न एकाचे, ही वाटणी ज्या न्यायाने झाली तो न्याय पुढेही टिकून राहिला.

नंदुरबारचा संशोधक आणि यूची साल

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० मध्ये वनस्पतींची पद्धतशीर तपासणी सुरू केली. पुढील दोन दशकांत सुमारे ३५,००० वनस्पतींचे अर्क तपासले गेले. हा खर्च खाजगी कंपन्यांनी केला नव्हता; सरकारी तिजोरीतून तो झाला. या कामात उत्तर कॅरोलायनातील एका संशोधन संस्थेत दोन रसायनशास्त्रज्ञ गुंतले होते. एक मन्रो वॉल आणि दुसरे मनसुख वाणी. वाणी यांचा जन्म १९२५ मधला, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठातून शिक्षण घेऊन ते अमेरिकेस गेले, आणि कर्करोगाच्या औषधांच्या इतिहासात दोन महत्त्वाच्या शोधांवर त्यांचे नाव कोरले गेले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. पण खानदेशातल्या या सुपुत्राची महाराष्ट्राने घ्यावी तशी दखल घेतली असे म्हणता येणार नाही.

पहिला शोध १९६६ मधला. ‘आनंदवृक्ष’ या अर्थाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका चिनी झाडातून वॉल आणि वाणी यांनी कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. दुसरा शोध १९७१ मधला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जुन्या अरण्यांत, उंच वृक्षांच्या सावलीत, अतिशय मंद गतीने वाढणारे यू नावाचे झाड आहे. १९६२ मध्ये सरकारी वनस्पतितज्ज्ञांनी गोळा केलेल्या त्याच्या सालीतून टॅक्सॉल मिळाले आणि त्याची रचना या दोघांनी प्रसिद्ध केली. सदाफुलीचे द्रव्य पेशीतील नलिकांची चौकट उभी राहू देत नाही, तर टॅक्सॉल उभी राहिलेली चौकट मोडू देत नाही, हे सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले. परिणाम एकच: दुभंगू पाहणारी पेशी मध्येच अडकते आणि मरते. डिसेंबर १९९२ मध्ये या औषधाला अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली आणि पुढे स्तनाच्या कर्करोगातही ते वापरात आले.

आता या झाडाची त्यापूर्वीची प्रतिष्ठा पाहा. लाकूडतोड करणाऱ्या कंपन्यांच्या लेखी यू म्हणजे निव्वळ कचरा. मोठमोठे सूचिपर्णी वृक्ष तोडून नेले की खाली उरलेली ही झाडे इतर पालापाचोळ्याबरोबर जाळून टाकली जात. ज्या सालीत हजारो स्त्रियांचे आयुष्य साठविलेले होते तिची शेकडो वर्षे वाढलेली झाडे धुरात गेली, कारण बाजारात त्यांना भाव नव्हता. आणि भाव आला तेव्हा? तेव्हा उलटे संकट कोसळले. एका रुग्णाच्या उपचाराला शंभर-शंभर वर्षांच्या सुमारे तीन झाडांची साल लागे. साल काढली की झाड मरे. त्याच अरण्यात राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाला १९९० मध्ये संकटग्रस्त म्हणून संरक्षण मिळाले होते. घुबड हवे की कर्करोगाने पीडलेली स्त्री हवी, असा वाद पेटविण्यात आला. वाद पेटविणाऱ्यांना एका गोष्टीचा सोयीस्कर विसर पडला होता: यूची झाडे घुबडासाठी राखून ठेवल्याने कमी झाली नव्हती, ती लाकडाच्या नफ्यासाठी अरण्य सपाट केल्याने कमी झाली होती.

अखेरीस वाट निघाली ती विज्ञानातून. फ्रान्समध्ये प्येर पोतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपीय यूच्या पानांतून एक मूळ द्रव्य मिळविले. अमेरिकेत रॉबर्ट हॉल्टन यांनी त्यापासून टॅक्सॉल बनविण्याची रीत विकसित केली. पाने पुन्हा फुटतात. झाड मारावे लागत नाही. पुढे यूच्या पेशी मोठ्या पात्रांत वाढवूनही औषध तयार होऊ लागले. घुबड आणि स्त्री या दोघांनाही जगता येते हे सिद्ध झाले. जगता येत नाही ते अरण्याला, ज्याला केवळ लाकडाचा ढीग मानले जाते.

पैशाचा हिशेबही उद्बोधक आहे. अमेरिकन सरकारच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २००३ मध्ये या औषधाचा हिशेब मांडला. सरकारी आरोग्य संस्थांनी या औषधाच्या संशोधनावर सुमारे ४८ कोटी डॉलर खर्च केले होते. ज्या कंपनीकडे ते सोपविले गेले तिची विक्री सुमारे ९०० कोटी डॉलरची झाली. आणि सरकारला स्वामित्वशुल्कापोटी मिळाले केवळ साडेतीन कोटी. झाड जनतेच्या अरण्यातले, संशोधन जनतेच्या पैशाचे, आणि औषध मात्र कंपनी सांगेल त्या किमतीला! भांडवलशाहीच्या टीकाकारांना याहून बोलका दाखला शोधण्याची गरज नाही.

सह्याद्रीतला नरक्या

ही कथा परदेशात संपली असती तर तिचे येथे प्रयोजन नव्हते. परंतु तिचा एक धागा थेट सह्याद्रीत येतो. मुंबईच्या गोरेगाव येथील संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की वॉल-वाणींना चिनी वृक्षात सापडलेले कॅम्प्टोथेसिन पश्चिम घाटातील एका लहानशा झाडातही आहे, आणि तेही चांगल्या प्रमाणात. हे झाड म्हणजे नरक्या. त्याच्या फुलांना दुर्गंधी येते म्हणून लोकांनी हे नाव दिले. काही भागांत त्यालाच अमृता असेही म्हणतात. एकाच झाडाला नरक आणि अमृत ही दोन नावे देणाऱ्या लोकबुद्धीने त्याचे भवितव्य जणू आधीच वर्तविले होते.

कॅम्प्टोथेसिनची वाटचाल सरळ झाली नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी रुग्णांवर झालेल्या चाचण्यांत त्याची विषबाधा असह्य ठरली आणि ते बाजूला पडले. १९८५ मध्ये त्याचे कार्य उलगडले. पेशीतील जनुकद्रव्याची लांबच लांब दोरी उलगडताना तिला पीळ पडतो; तो सोडविण्यासाठी एक विकर दोरीचा एक पदर कापते आणि पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन त्या विकराला कापल्यानंतर जोडू देत नाही. हे कळल्यावर मूळ द्रव्यात फेरफार करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही तुलनेने सुसह्य औषधे घडविता आली. १९९६ मध्ये दोन्हींना अमेरिकेत मान्यता मिळाली. अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ती वापरली जातात.

मान्यता तिकडे मिळाली आणि कुऱ्हाड इकडे पडली. कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या डोंगराळ भागांत नरक्याच्या लाकडाची चोरटी तोड पकडल्याच्या बातम्या गेल्या दोन-तीन दशकांत वारंवार आल्या आहेत. खोड कापायचे, मुळे उपटायची, तुकडे वाळवून पोती भरायची आणि रातोरात मालमोटारीत चढवायची, असा हा धंदा. मुळासकट उपटलेले झाड पुन्हा फुटत नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. ज्या झाडाकडे पूर्वी गुरेही फारसे लक्ष देत नसत ते पाहता पाहता असुरक्षित वनस्पतींच्या यादीत जाऊन बसले. हिमालयातल्या यूची गत याहून वाईट झाली. त्याच्या पानांची आणि सालीची इतकी लूट झाली की १९९० च्या दशकात त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले, आणि आज तो धोक्यात आलेल्या जातींमध्ये मोडतो.

अशा प्रकरणांत पोलिसांच्या आणि वनखात्याच्या हाती लागतो तो बहुधा कुऱ्हाड चालविणारा माणूस. त्याला किलोमागे काही रुपये मिळालेले असतात. शेतीचे काम संपल्यावर वाडीवर दुसरा रोजगार नसतो. पोती भरली तर आठवड्याचा बाजार होतो. त्याच्या हातून गेलेल्या लाकडाचा अर्क कोणत्या कारखान्यात निघाला आणि किती भावाने विकला गेला, हे त्याला ठाऊक नसते. गुन्हा त्याच्या नावावर, नफा दुसऱ्याच्या. आणि विपर्यास असा की उद्या त्याच्याच घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झाला, तर नरक्याच्याच कुळातले ते औषध विकत घेण्याची ऐपत त्याच्यापाशी नसेल.

हत्ती, सैतान आणि माणूस

वनस्पतींपुरतेच हे खरे आहे असे कोणी समजू नये. रिचर्ड पेटो या इंग्रज संशोधकाने १९७० च्या दशकात एक साधा प्रश्न विचारला होता. कर्करोग पेशी दुभंगताना होणाऱ्या चुकांतून उद्भवतो. मग ज्या प्राण्यात पेशी अधिक, त्याला कर्करोगही अधिक व्हायला हवा. हत्तीच्या शरीरात माणसाच्या शंभरपट पेशी असतील आणि तो पन्नास-साठ वर्षे जगतो. तरीही तो कर्करोगाने सर्रास मरत नाही. असे का? २०१५ मध्ये याचे एक उत्तर मिळाले. बिघडलेल्या पेशीला दुरुस्त होण्यास किंवा मरण्यास भाग पाडणारे एक रक्षक जनुक माणसात एकच असते, आई आणि वडील यांच्याकडून मिळून दोन प्रती. माणसाच्या निम्म्याहून अधिक कर्करोगांत नेमके तेच निकामी झालेले आढळते. हत्तीच्या शरीरात या जनुकाच्या सुमारे २० जोड्या आहेत. कर्करोगाने मरणाऱ्या हत्तींचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास निघाले, तर माणसांत ते ११ ते २५ टक्के. यातून अद्याप औषध निघालेले नाही, आणि ते उद्याच निघेल असे सांगणे ही रुग्णांची फसवणूक होईल. परंतु निसर्गाने कोट्यवधी वर्षांत सोडविलेले गणित कसे सोडविले, हे पाहायला जिवंत हत्ती लागतो; हस्तिदंताच्या मूर्तीवरून ते कळत नाही.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या तास्मानिया बेटावरचे. तेथे ‘सैतान’ या नावाने ओळखला जाणारा एक लहान मांसाहारी प्राणी आहे. १९९६ मध्ये बेटाच्या ईशान्य भागात काही सैतानांच्या तोंडावर भयंकर गाठी आढळल्या. पुढे उलगडले ते विलक्षण होते. हा कर्करोग विषाणूने होत नाही. कर्करोगाची पेशीच चाव्यावाटे एका प्राण्यातून दुसऱ्यात जाते आणि तेथे रुजते. परक्या पेशीला शरीराने तत्काळ ओळखून नष्ट करावे, असा नियम आहे. परंतु या पेशी आपल्या पृष्ठभागावरची ओळखखूण झाकून ठेवतात. या रोगाने सैतानांची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटली आणि २००८ मध्ये त्यांची गणना धोक्यातील जातींत झाली. २०१४ मध्ये अशाच दुसऱ्या कर्करोगाचा शोध लागला. निरोगी प्राणी वेगळे ठेवण्यात आले, काहींना मारिया बेटावर सोडण्यात आले. आणि काही रोगग्रस्त सैतानांच्या गाठी आपोआप विरल्याचेही दिसून आले.

माणसाच्या कर्करोगातही पेशी अशाच लपतात. शरीराच्या प्रतिकारशक्तीला घातलेला लगाम सैल करून कर्करोगावर मात करता येते, हे दाखविल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. सैतानाचे रोगजर्जर तोंड आणि रुग्णालयातला माणूस यांच्यापुढचा प्रश्न मूलतः एकच आहे. सैतानाचा मोठा नातलग, पट्टेदार तास्मानियन वाघ, आज असता तर त्याच्या शरीरातही काही उत्तरे सापडली असती, कदाचित नसतीही. ते आता कळायला मार्ग नाही. मेंढीमालकांच्या आग्रहावरून सरकारने १८८८ ते १९०९ या काळात त्याच्या मुडद्यांवर बक्षिसे वाटली, आणि शेवटचा ज्ञात प्राणी १९३६ मध्ये होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. जे ग्रंथ वाचलेच गेले नाहीत त्यांची राख झाली, तर त्यांत काय होते याची चर्चा व्यर्थ असते.

दोन आक्षेप

येथे दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला विज्ञानाच्या बाजूने येतो. द्रव्याची रचना एकदा कळली की ते प्रयोगशाळेत बनविता येते. मग रान राखण्याची गरज काय? २०२२ मध्ये तर सदाफुलीतील व्हिन्ब्लास्टिन ज्या दोन द्रव्यांच्या संयोगाने बनते ती यीस्टच्या पेशींकडून तयार करून घेण्यात यश आले. हे यश मोठे आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे, कारण त्यामुळे झाडांवरची कुऱ्हाड थांबू शकते. परंतु यीस्टमध्ये घातलेली जनुके मुख्यतः वनस्पतींकडूनच घेतलेली होती. पाककृती रानाची, चूल प्रयोगशाळेची. रानच गेले तर चूल पेटवून शिजवायचे काय? टॅक्सॉलची रचना कोणत्याही रसायनशास्त्रज्ञाने कागदावर कल्पिली नसती. ती यूच्या सालीने शिकविली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्याच बाजूने येतो. रान राखायचे म्हणजे माणसे हाकलायची, हा आजवरचा अनुभव. कोयना धरणासाठी उठविलेल्या माणसांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढ्या पुनर्वसनासाठी लढत आहेत. त्याच खोऱ्यात २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून दोडामार्गाच्या बाजूला हत्ती उतरले, तेव्हापासून तेथल्या शेतकऱ्याची केळी, माड आणि भात यांवर पाय पडत आहेत. हत्तीच्या जनुकाचे कौतुक त्याला ऐकवायचे असेल तर आधी त्याची भरपाई वेळेवर आणि पुरी दिली पाहिजे. साऱ्या मानवजातीचा ठेवा सांभाळण्याचा खर्च दोडामार्गाच्या अल्पभूधारकाने एकट्याने सोसावा, हे कोणत्याही न्यायात बसत नाही. संरक्षणाचा भार गरिबावर आणि लाभ श्रीमंताला, अशी वाटणी असेल तर ते संरक्षण टिकणारही नाही. कारण ज्याला रानातून काहीच मिळत नाही त्याला रान राखण्यात रस का असावा?

मार्ग कोणता?

मार्ग नाही असे नाही. तो कायद्याच्या पुस्तकात अर्धामुर्धा लिहिलेलाही आहे. १९९२ च्या जैवविविधता कराराने प्रत्येक राष्ट्राचा आपल्या जैवसंपत्तीवरील हक्क मान्य केला. २०१० च्या नागोया मसुद्याने लाभाच्या न्याय्य वाटणीची तरतूद केली. भारताने २००२ मध्ये जैवविविधता कायदा केला. गावोगाव जैवविविधता समित्या नेमाव्यात, लोकांनी आपल्या परिसरातील वनस्पती-प्राण्यांची नोंदवही ठेवावी आणि त्यांचा व्यापार करणाऱ्याने लाभातील वाटा द्यावा, असा त्याचा आशय. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावसमाजाचा जंगलावरचा सामूहिक हक्क मान्य केला, आणि गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये तो प्रत्यक्षात मिळवून दाखविला. परंतु बहुतेक ठिकाणी समित्या कागदावर राहिल्या, नोंदवह्या कंत्राट देऊन भरून घेतल्या गेल्या, आणि २०२३ च्या दुरुस्तीने तर या कायद्याचे दात बोथट केले: उल्लंघनासाठी असलेली तुरुंगवासाची शिक्षा जाऊन केवळ दंड उरला. दंड हा मोठ्या व्यापाऱ्याच्या हिशेबात आणखी एक खर्च असतो, इतकेच.

लाभाच्या वाटणीचा प्रयोग या देशात झालाच नाही असेही नाही. केरळातील काणी आदिवासींनी दाखविलेल्या ‘आरोग्यपच्चा’ या वनस्पतीपासून तेथील सरकारी संशोधन संस्थेने एक शक्तिवर्धक औषध बनविले आणि परवान्याच्या रकमेतील निम्मा वाटा काणींच्या विश्वस्त निधीला दिला. पुढे वनखात्याच्या निर्बंधांमुळे लागवडीत अडचणी आल्या आणि प्रयोग अपुरा राहिला. परंतु तत्त्व सिद्ध झाले. नरक्याच्या बाबतीत हेच अधिक नीट करता येईल. मुळे उपटण्याऐवजी पाने आणि छाटलेल्या फांद्या वापरण्याच्या रीती शोधणे, अधिक द्रव्य देणाऱ्या झाडांची रोपे वाडीवस्तीवरच्या पडीक जमिनीत लावणे, खरेदी ग्रामसभेमार्फत किंवा सहकारी संस्थेमार्फत करणे, ही कामे अशक्य कोटीतील नाहीत. ज्या महाराष्ट्राने ऊस आणि दूध यांच्यासाठी सहकाराचे जाळे विणले, त्याला रानातल्या झाडासाठी एक संस्था उभी करता येऊ नये काय?

दुसरे टोक औषधाच्या किमतीचे. या बाबतीत भारताचा इतिहास अभिमानास्पद आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या द्रव्यावर नव्हे, तर फक्त ते बनविण्याच्या रीतीवर पेटंट देण्याचे ठरविले; त्यामुळे येथील कंपन्यांनी स्वस्त औषधे बनविली आणि ती जगातील गरिबांपर्यंत गेली. जागतिक व्यापार कराराच्या दडपणाखाली २००५ मध्ये हे कवच काढावे लागले. तरीही २०१२ मध्ये यकृत आणि मूत्रपिंड यांच्या कर्करोगावरील एका औषधाचा सक्तीचा परवाना देण्यात आला आणि महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपयांवरून ८,८८० रुपयांवर आला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ल्युकेमियावरील एका औषधाला किरकोळ फेरफाराच्या आधारे पेटंट देण्यास नकार दिला. कायद्यात शस्त्रे आहेत. ती उगारण्याची राजकीय इच्छाशक्ती हवी. २०१२ नंतर तो सक्तीचा परवाना पुन्हा दिला गेलेला नाही, हे विसरता येत नाही.

सार्वजनिक संस्थांनी काय करता येते, हेही याच राज्यात दिसते. टाटा स्मारक रुग्णालयाच्या संशोधकांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील दीड लाख स्त्रियांची पाहणी करून दाखवून दिले की साध्या व्हिनेगरने केलेल्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटतात. मुंबईची आयआयटी आणि टाटा स्मारक यांच्या संशोधनातून रुग्णाच्याच प्रतिकारपेशींना शिकवून कर्करोगावर सोडण्याचा देशी उपचार तयार झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. परदेशातील किमतीच्या मानाने तो पुष्कळ स्वस्त आहे. तरीही तो लाखांच्या घरात असल्याने कामगाराच्या आवाक्याबाहेरच राहिला आहे. तंबाखूविरुद्धची लढाई, वेळेवर तपासणी आणि सरकारी रुग्णालयांची दुरुस्ती यांतून आज जितके प्राण वाचतील तितके उद्याच्या कोणत्याही नव्या औषधाने वाचणार नाहीत. रानाचे महत्त्व सांगताना हे दडविण्याचे कारण नाही. दोन्ही कामे एकाच लोककल्याणाची अंगे आहेत.

मित्रहो, परळच्या पदपथावर प्लॅस्टिकच्या कापडाखाली उपचाराची पाळी येण्याची वाट पाहत पडलेला रुग्ण महाराष्ट्राला अनोळखी नाही. बिहारमधून, बंगालमधून, चंदगडच्या डोंगरातून तो आलेला असतो. त्याच्या हाताला टोचलेल्या सुईतून जे थेंब उतरतात ते सदाफुलीचे असतील, यूचे असतील, नरक्याचे असतील. ते झाड राखणारा वनवासी, त्याचा गुण शोधणारा संशोधक आणि तो थेंब ज्याला हवा आहे तो रुग्ण, हे तिघे एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांच्यामध्ये बाजार उभा आहे. बाजाराला झाडाची किंमत कळते ती तोडल्यावर आणि रुग्णाची कळते ती त्याने घर विकल्यावर. त्या तिघांची ओळख करून देणे आणि मधल्या बाजाराला लोकांच्या सत्तेखाली आणणे, हे समाजवादी चळवळीचे काम आहे. ते निसर्गप्रेमींवर सोडून चालणार नाही आणि डॉक्टरांवरही नाही. रान वाचले आणि औषध महागच राहिले, तर अर्धी लढाई हरली. औषध स्वस्त झाले आणि रान गेले, तर पुढच्या पिढीची लढाई आजच हरली.